जुनी मोटार पुन्हा उभी करताना : पैसा थोडा, काम टप्प्याटप्प्याने

आमच्या कित्येक व्यापारी व कारागीर बांधवांना तरुणपणी मोटारीचा शौक होता. शुक्रवारी माग बंद असले की गॅरेजवर जाऊन बसायचे, उस्तादाच्या हाताखाली पाना धरायचा, कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवायचा, प्लग घासायचे. पुढे संसार आला, धंदा वाढला आणि हा शौक वीस-पंचवीस वर्षे मागे पडला. आता मुले हाताशी आली, दुकानाचा भार थोडा हलका झाला. तेव्हा एखादी जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर घ्यावी आणि ती स्वतः उभी करावी, असे पुष्कळांच्या मनात येते. आमच्याही मनात आले आणि भिवंडीतला कापडाचा धंदा सांभाळून आम्ही पुन्हा या कामाला हात घातला. ते कळल्यापासून ओळखीचे लोक विचारतात : खर्च किती येतो? सुरुवात कोठून करावी? कागदपत्रांचे काय? या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत म्हणून हा लेख.

प्रथम एक मुख्य गोष्ट सांगतो. जुनी मोटार उभी करणारा माणूस बहुधा एखाद्या महागड्या पार्टमुळे बुडत नाही, तो काम अर्धवट थांबल्यामुळे बुडतो. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने उत्साहाच्या भरात गाडी एका आठवड्यात सगळी खोलली. दरवाजे डेंटरकडे गेले, इंजिन लेथवाल्याकडे, सीट कुशनवाल्याकडे. सहा महिन्यांत पैसा आटला. डेंटर गावी निघून गेला, लेथवाल्याने जागा बदलली. चार वर्षांनी ती गाडी भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचलली. त्या व्यापाऱ्याचे पैसे तर गेलेच, वर डेंटर आणि लेथवाला या दोघांशी संबंधही बिघडले. म्हणून पुढील सर्व सूचनांचे सार एकच समजावे : गाडी शक्य तितका काळ चार चाकांवर ठेवावी आणि एका वेळी एकच काम उघडावे.

कोणती गाडी घ्यावी?

आपल्या भागात अशा कामासाठी तीन गाड्यांचा विचार होतो.

पहिली प्रीमियर पद्मिनी, जिला लोक अजून फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे उत्पादन होत असे. तिलाच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. यंत्र साधे आहे. बोनट उघडले की प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे तिचे पार्ट एकेकाळी गल्लोगल्ली मिळत. परंतु मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. त्यामुळे मोठे गिऱ्हाईकच गेले. ब्रेक, क्लच, इंजिन यांचे रोजच्या झिजेचे पार्ट शोधल्यास मिळतात. पण मडगार्ड, बोनट, काच, क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या कड्या यांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार व चोर बाजार पालथा घालावा लागतो.

दुसरी अ‍ॅम्बेसेडर. बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात ती २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत होती. पत्रा जाड, बांधा मजबूत. मात्र जागा जास्त लागते आणि वजनामुळे प्रत्येक काम अंगमेहनतीचे होते. शिवाय जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इंची मापाचे पाने लागतात, तर फियाटला मिलिमीटरचे. घरातली जुनी पेटी कोणत्या मापाची आहे ते आधी पाहावे.

तिसरी मारुती ८००. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षे ही गाडी बनली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद पुढच्या चाकांना. जुन्या मॉडेलात कार्बोरेटर आहे. जुनेपणाचा रुबाब तिला कमी, पण पार्ट सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारे. ज्याचा खिसा खरोखर लहान आहे त्याने लाज न बाळगता मारुतीपासून सुरुवात करावी.

आमचा सल्ला असा की जी गाडी हाताला पूर्वीपासून माहीत आहे तीच घ्यावी. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर हाताला जुनी सवय लवकर परत येते, पण नवे यंत्र शिकायला वेळ लागतो. आम्ही याच कारणाने पद्मिनी निवडली.

आधी पत्रा पाहावा, मग इंजिन

नवखा गिऱ्हाईक गाडी सुरू करून आवाज ऐकतो आणि खूश होतो. जाणकार आधी खाली वाकतो. कारण इंजिनची दुरुस्ती लेथवर ठराविक पैशांत होते, गंजलेल्या पत्र्याच्या कामाला मात्र अंत नाही. पद्मिनीसारख्या गाडीत ट्रकप्रमाणे वेगळी चासी नसते. फ्लोअर, दरवाज्याखालचे बॉक्स आणि छताचे खांब मिळूनच गाडीची ताकद बनते. फ्लोअर सडला म्हणजे केवळ पाय भिजतील असे नाही, गाडीचा कणाच कमकुवत झाला.

कापडाच्या धंद्यातील लोकांना हे चटकन समजेल. रंगवलेल्या कापडात दोष लपतो, ग्रे कापडात दिसतो. तसेच नुकताच चकचकीत रंग मारलेली जुनी गाडी संशयाने पाहावी आणि रंग उडालेली पण न झाकलेली गाडी विश्वासाने पाहावी. पाहण्याच्या जागा अशा :

१. मॅटिंग उचलून फ्लोअर, विशेषतः पायापाशी आणि सीटच्या खिळ्यांभोवती.

२. दरवाज्याखालचे बॉक्स. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने हलके ठोकावे. आवाज भरीव व बद्द आला तर आत पुट्टी किंवा गंज आहे.

३. डिकीचा तळ, स्टेपनीची जागा, तसेच मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, आधार.

४. बोनटखाली पुढच्या सस्पेन्शनचे आधार व बॅटरीची पाटी. बॅटरीच्या आम्लाने खालचा पत्रा खाल्लेला असतो.

५. सर्वत्र एक लहान चुंबक कागदात गुंडाळून फिरवावे. पत्र्यावर ते चिकटते, जाड पुट्टीवर चिकटत नाही.

त्यानंतर इंजिन. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले तर तेलात पाणी मिसळते आहे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेले. धूर निळा असेल तर तेल जळते, काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर पाणी जळत आहे. शक्य असल्यास मेकॅनिककडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा थोडा कमी असला तरी चारही जवळपास सारखे असतील तर घाबरण्याचे कारण नाही. एकच फार खाली असेल तर खर्च धरूनच भाव करावा.

बंद इंजिन असलेली, पण पत्रा व कागद साफ असलेली गाडी ही थोड्या पैशाच्या माणसासाठी सर्वांत चांगला सौदा आहे. बंद म्हणून ती स्वस्त मिळते आणि तिचा आजार बरा होण्याजोगा असतो.

कागदपत्रे : येथे कसूर चालत नाही

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. जे लोक वीस वर्षांपूर्वीच्या हिशेबाने चालतील त्यांना येथे धक्का बसेल. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. मुदत उलटून गेली असल्यास वाढीव आकार लागतो. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही आहे. तेव्हा भाव ठरविण्याआधी नोंदणी केव्हा संपली, कोणता कर थकला आहे आणि एखादा दंड बाकी आहे काय, हे आरटीओच्या नोंदीवरून पाहून ती रक्कम सौद्यातून वजा करावी.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. आरसी बुकावरील चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून पाहावेत. नंबर घासलेला दिसला तर तेथेच सलाम करून परत यावे. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ मागावा. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर ना-हरकत दाखल्याचा फॉर्म २८ लागतो. मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० वर विक्रेत्याची सही घ्यावी. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावाने फॉर्म ३१ ची प्रक्रिया आधी झालेली बरी. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आरटीओत कळवायचे असते. कोरे फॉर्म सही करून वर्षभर खिशात ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. तसे करू नये, कारण त्या काळात गाडीकडून काही घडले तर जुना मालक विनाकारण अडकतो.

टॅक्सी म्हणून आयुष्य संपलेली किंवा नोंदणी रद्द झालेली गाडी कोणी "खासगीत करून देतो" म्हणाला तर आरटीओतून स्वतः खात्री केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पार्टसाठी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांच्या हाती पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी येईल त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत. अशा गाडीला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही.

आणखी एक सूचना. पद्मिनीत दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन टाकण्याची हौस काहींना असते. कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच गोष्ट स्पष्ट केली. रंग बदलायचा असला तरी आरटीओत नोंद लागते. विमा कंपनीही अपघाताच्या वेळी हेच आधी पाहते. मूळ गाडी मूळ रूपात उभी करणे हेच स्वस्त आणि निर्धोक.

अंदाजपत्रक कसे आखावे?

दुकानाचे भांडवल या कामात घालू नये. ही गाडी म्हणजे गुंतवणूक नव्हे. विकताना घातलेले पैसे परत येतील असे धरून चालू नये. वर्षभरात जी रक्कम गेली तरी घरखर्च आणि दुकान यांना धक्का लागणार नाही, तेवढीच बाजूला काढावी. कर्ज काढून, उधारीवर पार्ट उचलून हा शौक करू नये. वेगळी वही घालावी आणि प्रत्येक नट-बोल्टची नोंद करावी.

उदाहरणादाखल दोन लाख रुपये बाजूला काढले असे समजू. आम्ही त्याची वाटणी अशी करू :

गाडीची खरेदी, कागदपत्रे व फी : ६०,०००
पत्राकाम व रंग : ५०,०००
ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर : ३०,०००
इंजिन, गिअर, क्लच, रेडिएटर : २०,०००
वायरिंग व बॅटरी : ८,०००
सीट, रबर, आतले काम : १२,०००
राखीव : २०,०००

हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. भाव गावोगाव वेगळे असतात. लक्ष प्रमाणाकडे द्यावे. खरेदीत एक तृतीयांशाहून अधिक घालवू नये आणि दहावा हिस्सा राखीव ठेवून त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. इंजिन मोठे उघडावे लागले तर कुशनचे व रंगाचे पैसे तिकडे वळवावेत आणि रंग पुढच्या वर्षी करावा. जुन्या रंगाची गाडी रस्त्यावर चालते, ब्रेक नसलेली चालत नाही.

कामाचा क्रम

थांबणे, वळणे, चालणे आणि शेवटी दिसणे, असा क्रम आम्ही ठेवतो.

प्रथम थांबणे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक निकामी झालेले असतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि रबरी होज पाइप एकदाच बदलावेत. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांची ब्रेकची लाइन एकच असते. एक पाइप फुटला तर सर्व ब्रेक जातात. म्हणून हॅण्डब्रेकही खरोखर पकडतो आहे ना, हे पाहावे.

मग वळणे. स्टिअरिंगचे जोड, पुढच्या चाकांचे बेअरिंग, मागच्या पाट्यांचे बुश. टायरवर खोल नक्षी दिसली तरी फसू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २३१२ असेल तर तो टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. असा टायर कितीही भरलेला दिसला तरी तो काढावा. फ्लोअर किंवा आधारांचा गंज असेल तर त्याचे वेल्डिंग याच टप्प्यात करून घ्यावे. ते दिसण्याचे काम नसून मजबुतीचे काम आहे.

नंतर चालणे. बंद इंजिनला थेट बॅटरी लावून सेल्फ मारू नये. प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि इंजिन प्रथम हाताने फिरवावे. जुने तेल व फिल्टर बदलावे. पेट्रोलची टाकी उतरवून साफ करावी. नाहीतर तळाचा गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो आणि माणूस विनाकारण इंजिनला दोष देतो. रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि फॅनचा पट्टा पाहावा. एवढे करून इंजिन नीट चालले तर ते उघडूच नये. वायरिंगमध्ये पूर्वीच्या मालकांनी जोडलेल्या जादा तारा असतात. त्या काढून प्रत्येक लाइनला योग्य फ्यूज द्यावा. जुन्या गाड्यांना आग लागते ती पुष्कळदा तारांमुळे.

शेवटी दिसणे : डेंटिंग, रंग, क्रोम, कुशन. आधी चारशे-पाचशे किलोमीटर गाडी चालवावी. त्यात जे दोष निघतील ते दूर करावेत आणि मगच रंगाला हात घालावा. नव्या रंगावर पाना घसरला की जीव हळहळतो.

प्रत्येक काम उघडताना मोबाइलवर फोटो काढावेत. कापडाच्या तुकड्यांच्या लहान पिशव्या शिवून घ्याव्यात, प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत टाकून चिठ्ठी बांधावी. आमच्याकडे तुकड्यांना तोटा नाही आणि या सवयीने आमचा पुष्कळ वेळ वाचतो.

मधल्या वर्षांत काय बदलले?

फी व नियमांचे वर सांगितले. त्याशिवाय दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक, पेट्रोल. २०२५ पर्यंत देशातल्या बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. जुन्या गाड्यांची रबरी नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर त्याकरता बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा तडकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी लवकर गंजते. उपाय साधे आहेत : इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराच्या घालाव्यात, बाहेरून दिसणारा फिल्टर बसवावा, गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये आणि दर आठवड्याला नळीच्या जोडांना हात लावून ओल पाहावी.

दोन, रंग. आमच्या वेळी एनसीचा रंग मारून हाताने घासून चमक आणत. आता दोन डब्यांचे, हार्डनर मिसळून मारण्याचे रंग आले आहेत. चमक जास्त आणि टिकाऊपणाही जास्त, पण त्या हार्डनरच्या फवाऱ्याने फुप्फुसाला कायमचा दम्यासारखा त्रास होऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. योग्य मास्क व मोकळी हवा नसेल तर हे काम घराच्या आवारात करू नये. पेंटरबंधूंनीही स्वतःच्या जिवासाठी हे मनावर घ्यावे.

हत्यारे आणि सावधगिरी

चांगला पाना-सेट, एक टॉर्क पाना, मल्टिमीटर, जॅक आणि दोन मजबूत घोड्या एवढ्यावर निम्मे काम होते. बाकी हत्यार भाड्याने किंवा ओळखीने आणावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, घोडी लावूनच जावे. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ असते. ती घरी झाळण्याचा प्रयत्न करू नये. पन्नाशीनंतर कंबर पूर्वीची राहत नाही, म्हणून गिअरबॉक्स उतरविणे यासारखे काम दोन माणसांशिवाय करू नये.

कारागिराशी व्यवहार

स्वतःच्या हाताने करायचे काम आणि उस्तादाला द्यायचे काम यांची यादी सुरुवातीलाच करावी. खोलणे, साफ करणे, जोडणे, ब्रेक, साधे वायरिंग हे आपण करावे. बोअरिंग, हेड फेसिंग, पत्र्याचे वेल्डिंग, रंग आणि कुशन हे ज्याचे त्याला द्यावे.

आज नव्या गाड्यांच्या कामात पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा तो बदलण्याकडे कल आहे. चपटा पत्रा घेऊन हातोडी व डॉलीने मडगार्डचा गोल घडविणारे कारागीर कमी उरले आहेत आणि त्यांच्या मुलांना या कामात भवितव्य दिसत नाही. जुन्या गाडीचे काम हे अशा हुनराला मिळणारे थोडे का होईना पण मानाचे काम आहे. "जुनी गाडी आहे, कमी करा" असे म्हणून त्यांची मजुरी तोडू नये. एका चांगल्या डेंटरचे दोन दिवस हे पुट्टीच्या चार डब्यांपेक्षा स्वस्त पडतात, कारण त्याचे काम टिकते.

व्यवहार मात्र लेखी असावा. एका कागदावर काम, मजुरी, सामान कोणाचे आणि तारीख लिहून दोघांनी सही करावी. सामानाचा आगाऊ पैसा द्यावा, मजुरी टप्प्याने द्यावी. काम पूर्ण झाले की बाकी त्याच दिवशी चुकती करावी. ठरल्यापेक्षा जास्त गंज निघाला तर वाढीव मजुरीचा कारागिराचा हक्क मान्य करावा.

कारागीर बांधवांनाही आमची विनंती आहे. गाडी खोलून पाहिल्याशिवाय ठोक भाव सांगू नये. आत काय निघेल ते बाहेरून कळत नाही आणि मग तोटा भरून काढण्यासाठी काम दाबले जाते. काम घेण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. गिऱ्हाईकाचे काढलेले जुने पार्ट त्याला परत द्यावेत. जी तारीख पाळता येणार नाही ती देऊ नये. हा शौक करणाऱ्या लोकांची एकमेकांशी ओळख असते. एक गाडी मनासारखी झाली की त्या तोंडून दहा जणांपर्यंत नाव जाते, आणि एक गाडी वर्षभर शेडमध्ये पडली तरी तेवढ्याच लोकांना कळते.

शेवटची सूचना मुलांविषयी. घरातील तरुणांना शुक्रवारी दोन तास सोबत घ्यावे. त्यांना मोबाइलवर पाहून पुष्कळ माहिती असते, पण गंजलेला नट कधी जोर लावून सोडवायचा आणि कधी तेल टाकून रात्रभर थांबायचे, हे हातानेच कळते. दर महिन्याच्या शेवटी वही उघडावी, झालेला खर्च व झालेले काम समोरासमोर लिहावे आणि पुढच्या महिन्यासाठी एकच काम ठरवावे. राखीव रक्कम शाबूत असेल आणि गाडी आपल्या चाकांवर उभी असेल तर उरलेल्या कामाची घाई करण्याचे कारण नाही.